ओसाड लोहमार्गाचे उद्यान

आगगाडी बंद पडली म्हणजे मागे काय उरते? गंजके रूळ, खडी आणि गवत, असे कोणीही म्हणेल. परंतु खरी मोलाची वस्तू उरते ती जमिनीची सलग पट्टी. शेकडो मालकांच्या जमिनींतून जाणारी, कोठेही न तुटलेली आणि जवळजवळ सपाट अशी वाट भर शहरात नव्याने मिळवणे महाकर्मकठीण. आगगाडीला चढ सोसत नाही. आपल्या बोरघाटातसुद्धा तिचा मार्ग ३७ फुटांत एक फूट एवढाच चढतो. म्हणून जेथून इंजिन गेले तेथून वृद्ध माणूस, बाबागाडी आणि सायकल सुखाने जाऊ शकतात.

ही पट्टी टिकवणे हा मात्र आधी कायद्याचा प्रश्न आहे, बागकामाचा मागाहून. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी रेल्वे कंपन्यांकडे जमिनीची मालकी नव्हती, केवळ वहिवाटीचा हक्क होता. गाडी कायमची थांबली की तो हक्क संपे आणि जमीन तुकड्यातुकड्यांनी लगतच्या मालकांकडे जाई. १९८३ साली तेथील काँग्रेसने यावर तोड काढली. मार्ग बंद झाला असे न धरता, तो पुढेमागे रेल्वेला लागेल म्हणून राखून ठेवला आहे असे मानावे, आणि तोवर लोकांनी त्यावरून चालावे! पेढीत ठेव ठेवावी तसा हा प्रकार. लगतचे मालक रागावले, आणि त्यांचा राग अगदीच अनाठायी होता असे मला वाटत नाही. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. भरपाई मागण्याची वाट मात्र त्यांना मोकळी ठेवली.

न्यूयॉर्कची 'हाय लाइन' याच कायद्याने तरली. मॅनहॅटनच्या पश्चिमेस मालगाड्या एके काळी भर रस्त्यातून धावत. माणसे इतकी चिरडली गेली की दहाव्या अॅव्हेन्यूला 'मृत्यूचा रस्ता' असे नाव पडले. गाडीपुढे निशाण घेतलेला घोडेस्वार चाले, तरी भागेना. अखेर १९३४ साली लोखंडी खांबांवरचा उंच मार्ग सुरू झाला. पुढे मालमोटारींनी धंदा ओढून नेला. १९८० साली शेवटची गाडी गेली आणि वर वाऱ्याने आणलेल्या बियांचे रान माजले. खालच्या जमिनींच्या मालकांना तो सांगाडा पाडून हवा होता. तो वाचवण्यासाठी जोशुआ डेव्हिड व रॉबर्ट हॅमंड यांनी १९९९ साली संस्था काढली. मालकांचा विरोध मावळला तो काही फुलांच्या प्रेमाने नव्हे. २००५ च्या नगररचना-नियमांनी त्यांना आपला बांधकामाचा हक्क जवळच्या भूखंडांसाठी विकण्याची मुभा दिली. २००९ ते २०१४ या काळात सुमारे दीड मैलाचे उद्यान तीन टप्प्यांनी खुले झाले. त्यातली लागवडही आपोआप उगवलेल्या त्या रानावरूनच सुचलेली.

आता दुसरी बाजू. विकलेल्या त्या हक्कांतून भोवती उंच, महागडे मजले उभे राहिले, भाडी चढली. शेजारीच सरकारी चाळींत अल्प उत्पन्नाची कुटुंबे राहतात. प्रवाशांनी गजबजलेल्या या बागेत त्यांची पावले कमीच पडली. २०१७ साली खुद्द हॅमंड यांनीच हे उघड कबूल केले: बागेचा आराखडा कसा असावा हे आम्ही शेजाऱ्यांना विचारले, तुमच्यासाठी काय करू हे विचारायचे राहिले. इतर शहरांत जुन्या मार्गांची उद्याने करू पाहणाऱ्यांना त्यांच्या संस्थेने मग एकत्र आणले, ते हा प्रश्न तेथे तरी आधी विचारला जावा म्हणून.