सुरी : वापरावयाची की जपावयाची?

अमेरिकेतील रिव्हरसाइडचे कारागीर बॉब लव्हलेस यांनी घडविलेल्या, न मिटणाऱ्या पात्याच्या सुऱ्या मुळात शिकाऱ्यांच्या कामासाठी होत्या. २०१० मध्ये ते निवर्तले. पुरवठा आता वाढणे नाही. त्या हजारो डॉलरांना विकल्या जातात आणि पुष्कळशा पेटीत पडून राहतात. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये उपयोगमूल्य व विनिमयमूल्य यांत केलेला भेद तो हाच. धार लावली की पाते झिजते, किंमत उतरते. म्हणून संग्राहक तिला हात लावीत नाही. (चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे कोंडलेले पोलादही डागाळते, ही गोष्ट वेगळी!) दिवंगत कारागिराच्या मोजक्या सुऱ्या नमुन्यादाखल जपाव्यात, हे मान्य. परंतु हयात कारागिराची सुरी कपाटात ठेवली, तर मूठ हातात फिरते की पाते लवकर बोथट होते, हे त्याला कोण सांगणार? पुढची सुरी तो मग केवळ देखणी करू लागतो.