पीडीएफ फुकट, पण हात लावायचा नाही

शाळा उघडल्या, पुस्तकं कुठे पोचली आणि कुठे नाहीत याच्या बातम्याही छापून आल्या. त्यावरचं सरकारी उत्तर ठरलेलं: 'बालभारती'च्या संकेतस्थळावर पीडीएफ आहे, उतरवून घ्या. आहे खरी, आणि तिला एक पैसाही पडत नाही. पण त्याच पुस्तकात सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे, म्हणजे 'बालभारती'कडेच, राखीव असल्याचं बजावलेलं असतं. वर्गापुरत्या झेरॉक्सला कायद्याची आडकाठी नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 साली रामेश्वरी फोटोकॉपीच्या खटल्यात ते मान्य केलं. मात्र मेळघाटातल्या गुरुजींना एखादा धडा कोरकूत आणून शेजारच्या शाळांतही वाटायचा असेल, तर आधी लेखी परवानगी हवी.

'प्रथम बुक्स'ने 2015 साली 'स्टोरीवीव्हर' हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा हा अडसर मुळातच काढून टाकला. तिथल्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. मूळ लेखक-चित्रकाराचं नाव द्यायचं, मग भाषांतर करा, छापा, अगदी विकासुद्धा. शिक्षक गोष्ट उघडतो, मूळ मजकुराच्या जागी आपल्या भाषेतली वाक्यं टाइप करतो. चित्रं जागची हलत नाहीत आणि श्रेयाचं पान आपोआप तयार होतं. कोरकूतल्या गोष्टी अशाच आल्या. एरवी कोरकू बालसाहित्यात पैसा घालायला कोणता प्रकाशक धजावला असता?

कुणीही भाषांतर करायचं म्हटल्यावर दाताखाली खडे येणारच. प्रमाणलेखन घसरतं, वाक्यं अडखळतात. मुलं मात्र छापलेलं सगळं बरोबरच मानतात.

यावर पवईत एक चांगला उपाय सापडतो. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या साधारण दहा मिनिटांच्या धड्याची संहिता आधी लिहिली जाते आणि विषयातल्या नवख्या माणसाला ती जमते का, हे पाहूनच ध्वनिमुद्रण होतं. धडा मराठीत आणताना पडद्यावरचं दृश्य तेच राहतं, फक्त आवाज बदलतो. अर्थात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, मेनू इकडचे तिकडे झाले की धडा शिळा. तो पुन्हा करायला माणसं आणि पैसा लागतो. खुल्या साहित्याचं कौतुक करणारे हा खर्च हटकून विसरतात.

पुस्तकविक्रीतून मंडळाला उत्पन्न मिळतं, तेव्हा सगळंच खुलं करा म्हणणं भाबडेपणाचं. पण पहिली ते आठवीची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांना सरकार मोफतच देतं. निदान त्यांतले भाषांतराचे हक्क तरी शिक्षकांना खुले करायला हरकत नसावी.