पडत्या काळातली साथ

आपल्या घरात रग्बीचे नाव क्वचितच निघते. पण कामगार वस्तीचा जीव एका संघात कसा अडकतो, हे समजण्यासाठी इंग्लंडमधील हल शहराची हकीकत वाचकांनी जरूर ऐकावी, असे आम्हांस वाटते.

पूर्व हल ही गोदीच्या बाजूची कामगार वस्ती. तिचा संघ हल किंग्स्टन रोव्हर्स. १ ऑक्टोबर २०१६ रोजी घरच्याच मैदानावर त्याची सॅल्फर्डशी गाठ पडली. हरेल तो वरच्या गटातून खाली जाणार, उत्पन्न घटणार, कितीकांच्या पोटावर पाय येणार! म्हणूनच या सामन्याला ‘मिलियन पाउंड गेम’ म्हणत. रोव्हर्स १८-१० असे पुढे होते. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत सॅल्फर्डने दोन ट्राय करून बरोबरी साधली. जादा वेळेत गॅरेथ ओब्रायनने ड्रॉप गोल मारला आणि रोव्हर्स १९-१८ असे हरले.

संघ खाली गेला. वस्तीने साथ सोडली नाही. २०१७ मध्ये तो पुन्हा वर आला. २०२५ मध्ये तर चॅलेंज कप, लीग लीडर्स शील्ड आणि सुपर लीगचे विजेतेपद, तिन्ही त्याने जिंकले.

जिंकणाऱ्यामागे सारेच धावतात. पडत्या काळात पाठीशी उभे राहतात तेच आपले, एवढे आम्ही हलकडून शिकलो.