पासवर्ड चुकतोय? आधी दिवा बघा

शेतकरी बंधूंनो, पीक विम्याच्या अर्जाचा शेवटचा दिवस आणि लॅपटॉप म्हणतो, पासवर्ड चुकला! अशा वेळी बटणे बडवत बसू नका. वारंवार चुकले तर खाते काही काळ बंद पडू शकते. पासवर्ड ठिपक्यांत झाकलेला असतो, म्हणून चूक दिसत नाही. आधी नावाच्या रकान्यात दोन-चार अक्षरे उमटवून बघा. इंग्रजी अक्षरे मोठी उमटली, तर डावीकडचे 'कॅप्स लॉक' चालू आहे. ते एकदा दाबा, दिवा विझेल. काही लहान लॅपटॉपांवर 'जे, के, एल' दाबताच १, २, ३ उमटतात. तिथे 'नम लॉक' बंद करा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनो, एवढे टेबलाशेजारी लिहूनच लावा; कुणाचा हेलपाटा वाचेल.