पायात काटा रुततो तेव्हा

सटाण्याजवळून आरम नदी वाहते. नदीकाठच्या एखाद्या शेताच्या बांधावरून तुम्ही अनवाणी चालला आहात, अशी कल्पना करा. एकाएकी पायात बाभळीचा काटा रुततो. पाय झटकन वर उचलला जातो आणि मग तोंडातून 'आई गं!' असे शब्द बाहेर पडतात. पाय उचलण्याचे तुम्ही ठरविले होते काय? नाही. मग ती आज्ञा दिली कोणी?

आपल्या शरीरात मज्जातंतूंचे जाळे पसरलेले आहे. काही तंतू त्वचेकडून वार्ता आणतात. ते संवेदक तंतू होत. काही तंतू स्नायूंकडे आज्ञा नेतात. त्यांना प्रेरक तंतू म्हणतात. काटा रुतल्याची वार्ता प्रथम पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपाशी पोहोचते. पाय उचलण्याची आज्ञा तेथूनच सुटते; मेंदूच्या संमतीची वाट पाहिली जात नाही. त्याच वेळी दुसऱ्या पायाला ताठ राहण्याची आज्ञा मिळते, म्हणून आपला तोल जात नाही. मेंदूला वार्ता कळून वेदना जाणवते, तोपर्यंत पाय उचललेला असतो. हिलाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

मज्जातंतूंतील संदेशाचा वेग मोजणे अशक्य आहे, असे एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटे. इ. स. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो मोजून दाखविला. पुढे असे आढळून आले की, सर्व तंतूंचा वेग सारखा नसतो. स्नायूंकडे आज्ञा नेणारे तंतू जाड असून त्यांवर स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. त्यांतून आज्ञा सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने धावते. स्पर्शाची वार्ता आणणारे तंतूही असेच वेगवान असतात. तीक्ष्ण कळ आणणाऱ्या तंतूंवरील वेष्टन पातळ असते. त्यांचा वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर. आणखी काही तंतू अतिशय बारीक व वेष्टनरहित असतात. त्यांतून वार्ता सेकंदाला जेमतेम एक मीटर जाते. म्हणूनच पहिली कळ ओसरते न ओसरते, तोच मागाहून ठणका सुरू होतो. काटा एकच, पण त्याची एक वार्ता जणू घोड्यावरून आली, दुसरी पायी चालत आली!

वेदना कोणाला हवीशी वाटेल? पण ती मुळीच नसती तर? कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतात. संवेदना नाहीशी झाली म्हणजे काटा रुतला तरी वार्ता जात नाही आणि आज्ञाही सुटत नाही. रोगी तसाच चालत राहतो. जखम चिघळत जाते. अशा रोग्यांसाठी बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. आज हा रोग औषधांनी बरा होतो. मात्र अंगावर बधिर चट्टा दिसताच दवाखान्यात गेले पाहिजे.

मुलांनो, काटा काढताना त्या कळेला नावे ठेवू नका. ती तुमच्या पायाची राखण करीत असते.