क्रियापद आणि त्याचा सोबती

काटोलच्या बाजारात ‘संत्री व्यापाऱ्याला विकली’ असे कोणी म्हटले, तर घेणारा कोण हे एका ‘ला’ प्रत्ययाने कळते. मराठीत प्रत्यय नामाला मागून चिकटतो; इंग्रजीत शब्दयोगी अव्यय नामाआधी सुटे उभे राहते आणि त्याची निवड बहुधा क्रियापद करते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. भाषांतराची सवय चांगलीच. पण आपण प्रत्ययांचेही भाषांतर करू लागतो, तेथे घोटाळा होतो.

‘तिच्याशी लग्न केले’ म्हणून आम्ही ‘मॅरीड विथ हर’ लिहितो. ‘मॅरीड हर’ पुरे. ‘डिस्कस अबाउट’ त्याच जातीचे. अशा चुका कानाला खटकतात, अर्थ मात्र पोचतो.

‘लेंड’ आणि ‘बॉरो’ यांचे तसे नाही. मराठीत ‘उसने’ एकच, देणे-घेणे तेवढे बदलते. इंग्रजीत ‘लेंड’ म्हणजे देणे, त्यासोबत ‘टू’. ‘बॉरो’ म्हणजे घेणे, त्यासोबत ‘फ्रॉम’. मृग बहारासाठी कर्ज काढलेल्या बागायतदाराने अर्जात ‘आय हॅव लेंट मनी टू द बँक’ लिहिले, तर बँकच त्याची ऋणको ठरायची!

‘अ‍ॅग्री’ही जपून वापरावे. व्यापाऱ्याच्या मताशी जुळले तर ‘विथ’. त्याने सांगितलेल्या अटी मान्य केल्या तर ‘टू’. बागेचा सौदा करताना हा फरक पैशांचा आहे.

म्हणून क्रियापद वहीत सोबत्यासह उतरवावे. ‘लिसन’पुढे ‘टू’ लिहावा. आवाज नुसता कानी पडला तर ‘हिअर’, तेथे ‘टू’ नको. आपले ‘ऐकणे’ दोन्हींचे काम करते.