विषाणूचा आकडा



सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालाच्या हाती लोखंडी आकडा असतो. तागाच्या पोत्यात तो चटकन रुततो, पत्र्याच्या डब्यावरून मात्र घसरतो. आकडा कितीही तीक्ष्ण असो, त्याला रुतायला योग्य जागा लागते. विषाणूचेही तसेच आहे.

मार्च २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यातील कोरोनाचे पहिले रुग्ण इस्लामपुरात आढळले. हा विषाणू पेशीबाहेर स्वतःची वाढ करू शकत नाही. त्याला आत शिरावेच लागते. त्यासाठी त्याच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात. एक काटा म्हणजे तीन सारख्या साखळ्यांची जुडी, आणि प्रत्येक साखळीत अमिनो आम्लांचे १२७३ मणी. काट्याच्या शेंड्याला पकडीची बोंडे असतात. बोंड वर उभे राहिले तरच पकड बसते.

आपल्या नाकातील व फुफ्फुसांतील काही पेशींवर एसीई-२ नावाचे प्रथिन असते. रक्तदाबाचा तोल राखण्यास हातभार लावणे हे त्याचे काम. परंतु विषाणूचे बोंड नेमके त्यालाच चिकटते. मग आपल्याच शरीरातील विकरे काट्याला चिरतात, शेंडा गळतो, बुंधा पेशीच्या आवरणात घुसतो, दोन्ही आवरणे एक होतात आणि विषाणूचा आरएनए आत उतरतो.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत जो डेल्टा प्रकार पसरला, त्याच्या काट्यातील काही मणी बदललेले होते. त्यांपैकी ४५२ वा मणी बोंडातला. ६८१ वा, जेथे काटा चिरला जातो त्या जागेजवळचा. दोन्ही ठिकाणी आर्जिनीन आले. ६८१ व्या जागच्या बदलाने चिरणे अधिक सोपे झाले.

त्या दिवसांत एका हमालाने मला विचारले, "लस घेतलेल्यांनाही होतोय, मग टोचून उपयोग काय?" मी म्हणालो, "सरकार सांगते आहे, घे." त्याने दुसरी मात्रा घेतली नाही. पुढे आजारी पडून तो गेला. लस घेऊन तो वाचलाच असता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु त्याने कारण विचारले होते आणि मी आज्ञा दिली, हे मला विसरता येत नाही.

कारण असे होते. पुण्यात तयार झालेली कोविशील्ड शरीराला त्या काट्याची ओळख करून देते. मग शरीर प्रतिपिंडे बनवते. ती बोंडावर बसून आकडा बोथट करतात. मणी बदलले की काही प्रतिपिंडांची पकड सुटते, म्हणून लागण होऊ शकते. परंतु काट्याचा बहुतेक भाग तोच राहतो. त्याचे तुकडे ओळखणाऱ्या संरक्षक पेशीही तयार असतात. म्हणून आजार विकोपाला जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात. आकडा ज्याच्या रोजच्या हातात, त्याला ते इतरांहून लवकर कळले असते. ती पाच मिनिटे मी दिली नाहीत. आपण ती आपल्या शेजाऱ्याला द्यावीत, एवढेच मागणे.